तिसऱ्या ओळीतली जागा

शांतवन मास्तरांच्या मुलीला गाता येत नाही, हे यवतमाळच्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवली, नाताळात ख्रिस्ती कीर्तनं केली. आणि एकुलत्या एका मुलीचा, सुवार्ताचा, सूर असा की रविवारी तिनं तोंड उघडलं की पुढच्या बाकावरच्या मैनाबाई सवयीनं पदर कानावर ओढून घ्यायच्या.

"देवानं एका घरात किती द्यावं?" मास्तर म्हणायचे. "तिला कान दिलेत. गळा पुष्कळांना देतो तो. कान मोजक्यांना."

या कानांचा उपयोग बापलेकींनी नाटकं ऐकण्यात केला. ऐकण्यातच, पाहणं दुय्यम. संगीत नाटक कुठंही लागलं की दुसरी रांग, डावा हात, पेटीवाल्याच्या जवळ. मध्यंतरापर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही हा मास्तरांचा नियम. मध्यंतरात पुडीतल्या चिवड्याबरोबर पहिल्या अंकाचा निकाल लागायचा. नाटक वाईट असलं तर पदं ऐकायची, पदं वाईट असली तर पडद्याची चित्रं पाहायची, आणि पडदाही वाईट असला तर चिवडा होताच.

मास्तर गेल्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर सुवार्तानं नाटकाचं नाव काढलं नाही. कॉलेजचं ग्रंथालय आणि घर, एवढंच ठेवलं. रविवारी उपासनेला जायची, पण शेवटचा आशीर्वाद सुरू व्हायच्या आत चपला शोधायचं निमित्त करून बाहेर पडायची. त्याला कारण होतं. आशीर्वादाचं गीत ज्या चालीवर म्हणत ती मास्तरांनी बांधलेली होती. एकतीस वर्षं दर रविवारी पेटीवर तिचे पहिले तीन स्वर वाजत आणि शब्द यायच्या आत सगळं देऊळ उभं राही. माना खाली, डोळे मिटलेले. डुलकी लागलेली माणसंसुद्धा त्या तीन स्वरांवर उठत आणि उठल्यावर जागी होत.

नोव्हेंबरात आर्णीचा कपिल घरी आला. मास्तरांचा हा शेवटचा शिष्य. आर्णीला कृषी केंद्र चालवायचा, बियाण्याच्या पोत्यांमागं पेटी ठेवायचा. हातात आठ पास होते.

"ताई, आमचं नाटक हाय स्पर्धेत. 'संगीत सतरा नकार'. मास्तरांनी वचन घेतलतं माह्याकडून, ताईले दुसऱ्या रांगेत बसवजो म्हणून."

"मी आता जात नाही रे नाटकाला."

"मंग वचनाचं काय करू म्या?"

सुवार्तानं एक पास पर्समध्ये टाकला. उरलेले सात पास तिनं भगिनी मंडळाला दिले. मैनाबाईंनी विचारलं, "कायचं नाटक हाय?" सुवार्ता म्हणाली, "मुली पाहण्याचं असावं." मैनाबाईंना मुली पाहायला भारी आवडे. आठही जणी दोन ऑटो करून, नाताळासाठी राखलेल्या साड्या नेसून सभागृहात पोचल्या.

नाटक साठ वर्षांपूर्वीच्या, गावोगाव खडी गंमत करत हिंडणाऱ्या एका पार्टीचं, म्हणजे तमाशासारख्या फडाचं होतं. अशा पार्टीत बायकांची कामं पुरुषच करत. पेटीवाला गणपत हा कपिल, आणि लुगडं नेसून नाचणारा सखाराम हा बंटी नावाचा, दिवसा मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा. गणपतचं लग्न जमवायला घरचे एकामागून एक गावं दाखवतात. गणपत प्रत्येक वेळी सखारामला बरोबर नेतो आणि प्रत्येक मुलीत खोट काढतो. एकीनं पोहे जास्त हसून दिले. दुसरीनं दिलेच नाहीत. तिसरीच्या घरची गाय त्याच्याकडं पाहून हंबरली. सभागृह खदखदत होतं. मैनाबाई तर डोळे पुसत होत्या. "मायबाई, गाईवरून कोनी नाही म्हनते काय?"

सुवार्ता हसत होती आणि हसताना तिला अपराध्यासारखं वाटत होतं. बाजूच्या खुर्चीवर तिनं पर्स ठेवली होती. पहिल्या अंकाच्या शेवटाला तिच्या कानांना काहीतरी कळलं. गणपत मुलींशी बोलताना दरबारी ठेक्यात बोले. सखारामशी बोलताना त्याचा आवाज अर्ध्या पट्टीनं खाली येई. हे लिहून दिलेलं नसतं, ते येतं. मध्यंतरात चिवडा नव्हता आणि निकाल सांगायला कुणी नव्हतं. मैनाबाई म्हणाल्या, "त्या नाच्यालेच करून टाकावं त्यानं," आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाल्या.

दुसऱ्या अंकात सतरावा नकार झाला. दोघे बैलगाडीतून परत निघाले. मंचावर गाडी म्हणजे एक बाक आणि एक कंदील. तेवढ्यात मंचाखालच्या पेटीवर तीन स्वर वाजले.

पुढं जे झालं त्यात कुणाचा दोष नव्हता. मैनाबाई उठल्या. त्यांच्यामागून रिबेकाबाई, मग सगळी रांग. आणि सुवार्ता, जी चार महिने या तीन स्वरांपासून पळत होती, तीही उठली, मान खाली घातली, डोळे मिटले. आठ ख्रिस्ती बाया भर सभागृहात दुसऱ्या रांगेत हात जोडून उभ्या.

मागच्या रांगेला वाटलं, दाद द्यायची वेळ झाली. तेही उठले. कुणीतरी टाळी वाजवली. बघता बघता सगळं सभागृह उभं. परीक्षकांनी आधी एकमेकांकडं पाहिलं, मग तेही उठले. बसून राहणं बरं दिसलं नसतं. मंचावर बंटी आपला नाच विसरून तोंड उघडं टाकून बघत राहिला, पण कपिलनं गाणं सोडलं नाही.

सुवार्ताला शब्द ऐकूच आले नाहीत. तिला फक्त चाल ऐकू येत होती. आणि तिसऱ्या ओळीत ती जागा आली.

ही जागा देवळात कुणीच ऐकलेली नव्हती. मास्तरांनी चाल बांधली तेव्हा तिसऱ्या ओळीत एक लहानशी गिरकी होती; सूर वर जाऊन, जरा थबकून, जणू मागं वळून पाहून खाली यायचा. देवळाचे तेव्हाचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले होते, "मास्तर, एवढी जागा काढा. फार नाटकी आहे." मास्तरांनी देवळातून काढली आणि न्हाणीघरात ठेवली. रोज सकाळी अंगावर पाणी घेताना ते चाल पुरी म्हणत, जागेसकट.

सुवार्तानं डोळे उघडले. समोर मंचावर कपिल ती जागा घेत होता, आणि बंटीकडं बघत होता.

तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या एका पेपरात फोटो आला. आठ बाया, माना खाली. वर मथळा: 'ख्रिस्ती भगिनींची उभे राहून दाद, दोन पुरुषांच्या प्रेमगीताला प्रेक्षक नतमस्तक'. नाटक पहिलं आलं होतं आणि पुढच्या फेरीला नागपूरला जाणार होतं.

मैनाबाईंनी तो अंक तीन घरी दाखवला. चौथ्या घरी कुणीतरी त्यांना मथळ्याची दुसरी ओळ वाचून दाखवली.

मंडळीच्या कमिटीची बैठक शनिवारी ठरली. सचिव इम्मानुएलरावांनी आधीच फोन करून सुवार्ताला समजावलं. चाल मास्तरांची, वारस ती. तिनं स्पर्धेच्या आयोजकांना पत्र द्यायचं की ही चाल परवानगीशिवाय उचलली आहे. नाटक बाद होईल, मंडळीचं नाव धुऊन निघेल, आणि आशीर्वादाचं गीत देवळात पूर्वीसारखं चालू राहील.

"आणि उचललेली नसली तर?" सुवार्तानं विचारलं.

"म्हणजे मास्तरांनीच दिली? असल्या नाटकाला?" इम्मानुएलरावांनी आवाज खाली आणला. "तसं असेल तर ती चाल वेदीपुढं ठेवता येणार नाही, बाई. तुम्हीच सांगा, येईल का?"

फोन ठेवल्यावर सुवार्ता बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. दर रविवारी ती त्या चालीपासून पळत होती हे खरं, पण चपला शोधताना दारापलीकडून ती ऐकतही होती. वडिलांचं तेवढंच जिवंत असं काही उरलं होतं. एका सहीवर ते राहणार होतं.

आणि राग तर होताच. ती पुष्कळ वाचलेली बाई. पुस्तकांत भेटलेल्या अशा माणसांबद्दल तिचं मन उदार होतं. त्यांच्या दुःखानं ती रडलीही होती. पण ती माणसं आर्णीची नव्हती, आणि त्यांनी तिच्या बाबांच्या चालीला हात लावला नव्हता.

गुरुवारी तिनं आर्णीची एसटी पकडली.

कृषी केंद्रात कपिल एका गिऱ्हाईकाला फवारणीचं औषध समजावत होता. तिला पाहिल्यावर त्याचं समजावणं उलटसुलट व्हायला लागलं. गिऱ्हाईक कंटाळून गेलं.

"ताई, बसा ना. चहा सांगू?"

"चाल कुठून आणलीस?"

"मास्तरांनी देल्ली."

"कधी?"

"गुरुवारी. दर गुरुवारी येत होते ना ते तालमीले."

"गुरुवारी बाबा दातांच्या डॉक्टरकडे यायचे."

कपिल पोत्याच्या शिवणीकडं बघत राहिला. "हाव. पयल्याच दिवशी सांगतलं त्यांनी, घरी दात सांगून आलो आहे, तुम्ही लोकांनी दातांचं नाव कुठं काढू नका."

सुवार्ताला हसू आलं, आणि तेच तिला आवडलं नाही. मास्तरांच्या तोंडात पुरी कवळी होती. सात महिने कवळीत असं काय दुखतं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, म्हातारा आर्णीला भजी खायला जातो, खाऊ दे.

"आणि तिसऱ्या ओळीतली जागा?"

"तिच्यापायी तर लय शिव्या खाल्ल्या. म्हणाले, देवळात हिच्याशिवाय एकतीस वर्षं काढली मी. तू इथं गाळलीस तर पेटी उचलून घरी नेईन."

बाहेरून एक ट्रॅक्टर कापूस भरून गेला. तो पुरता गेल्यावर सुवार्तानं विचारलं.

"नाटक कुणाचं आहे, कपिल?"

त्याला प्रश्न कळला. "माहंच हाय, ताई. गणपत-सखाराम जुन्या काळचे केले म्हणजे गावात कोणी विचारत नाही. माणसाले धोतर नेसवलं का लोकाईले वाटते, इतिहास हाय."

"बंटी?"

"नाही नाही. बंटीचं जमलं हाय महागावच्या पोरीशी. तो निस्ता नाचते." तो हसला, मग हसणं त्यानं आवरलं. "माहा कोणी सखाराम नाही अजून. गाडीच हाय फक्त."

"बाबांना सांगितलं होतंस?"

"म्या सांगतलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्या गाण्याले चाल जमत नव्हती मले. मास्तर ऐकून राह्यलते. म्हणाले, अरे, दोघं सतरा गावं हिंडून परत निघालेत, पुढं काय होणार ठाऊक नाही. अशा माणसांना घरी पाठवायची चाल माझ्याकडं तयार आहे." कपिलनं तोंडावरून हात फिरवला. "म्या म्हटलं, मास्तर, ते देवळातली हाय. तर म्हणाले, म्हणून तर म्हणतो."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" हा प्रश्न ती कपिलला विचारत नव्हती, पण विचारला गेला.

"तुम्हाले पयल्या प्रयोगाले बसवायचं होतं ना. म्हणत होते, मध्यंतरापर्यंत मी काही बोलणार नाही, मग तिचं तोंड पाहीन."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि नाकाला रुमाल लावून धुळीवर सगळा ठपका ठेवला.

शनिवारी चार वाजता देवळाच्या मागच्या खोलीत कमिटी भरली. सात माणसं, त्यात भगिनी मंडळाच्या मैनाबाई, मधे टाइप केलेलं पत्र, त्यावर पेपरवेट म्हणून भजनाच्या वेळची घंटी. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. इम्मानुएलरावांनी शास्त्रातलं एक वचन वाचलं. सुवार्ताला ते लहानपणापासून पाठ होतं. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचंही. त्या वचनाचं काय करायचं हे तिला अजून उमगलं नव्हतं, आणि उमगल्याचं सोंग तिला आणायचं नव्हतं. पण खोटी साक्ष देऊ नको, हे उमगायला वेळ लागत नाही.

"सही नाही करता येणार मला," ती म्हणाली. "चाल बाबांनी स्वतः दिली आहे."

"तो पोरगा म्हणतो म्हणून?"

"नाही. नाटकात चालीला एक जागा आहे. ती आपल्या देवळात कधीच वाजली नाही. बाबांनी शिकवल्याशिवाय ती कुणाला येणार नाही."

"कोणती जागा?" पाळकसाहेबांनी विचारलं. त्यांना यवतमाळात येऊन चारच वर्षं झाली होती.

सुवार्तानं सांगून पाहिलं. सूर वर जातो, थबकतो, वळून बघतो. सात जणांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू ती गाईबद्दल बोलते आहे.

"अशानं काय कळणार, बाई," इम्मानुएलराव म्हणाले. "म्हणून दाखवा."

मैनाबाईंचा हात पदराकडं गेला.

सुवार्ता उभी राहिली. सत्तेचाळीस वर्षांत तिनं एकटीनं कुणापुढं गायलं नव्हतं. तिसरी ओळ तिनं धरली, म्हणजे तिच्या शेजारची कुठली तरी ओळ धरली. सूर वर गेला, भलतीकडं गेला, तिथं थबकला, आणि जागेच्या नावाखाली जे काही झालं त्यानं खिडकीतली पारव्यांची जोडी उडाली. पण तिनं ओळ पुरी केली. मग ती खाली बसली. कान तापले होते.

इम्मानुएलरावांनी खोकून घेतलं. "यावरून काही सिद्ध होतं असं मला..."

"होते ना," मैनाबाई म्हणाल्या. "हे तर मास्तर न्हाताना म्हनत. आमची अन त्याईची एकच भिंत हाय. बावीस वर्सं ऐकलं म्या. आतानी बाईनं लय वाईट म्हटलं, पन तेच म्हटलं."

"मैनाबाई, तुम्हीसुद्धा त्या फोटोत आहात."

"हाव, हाय ना. म्या प्रभूसाठी उभी राह्यली. लोकं कायले उभे राह्यले ते लोकाईले इचारा." त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला. "अन खरं सांगू काय, इम्मानुएल? त्या दोघाईचं गानं मले वंगाळ नाही वाटलं. वंगाळ असतं तर मले समजलं असतं. माह्या नवऱ्यानं माह्याकडं कधी तसं पाह्यलं नाही."

इम्मानुएलरावांनी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

पत्र बाद झालं. मग दुसरा ठराव आला: ही चाल नाटकात वाजत असेपर्यंत आशीर्वादाचं गीत दुसऱ्या चालीवर म्हणावं. पाच हात वर, दोन खाली. सुवार्ताला हे होणार हे फोनवरच कळलं होतं. तरी हात मोजताना तिनं दोनदा मोजले.

दुसऱ्या दिवशी उपासनेला ती शेवटपर्यंत थांबली. नवी चाल पाळकसाहेबांच्या मेहुण्यानं बसवली होती. पेटी सुरू झाली तर कुणाला उठायचं कळेना. अर्धे उठले, उठलेले पाहून उरलेले उठले, तोवर पहिलं कडवं संपत आलं होतं. दोन म्हातारे झोपूनच राहिले. आपलं काही गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, हे सुवार्ताला त्या दोन म्हाताऱ्यांकडं बघून कळलं. घरी येऊन तिनं जेवण केलं, भांडी घासली, मग साडी बदलली.

नागपूरला जाण्याआधी नाटकाचा एक प्रयोग आर्णीला होता, त्याच दुपारी तीनला, एका मंगल कार्यालयात. दारात निकितानं, नाटकाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या मुलीनं, सुवार्ताला दुसऱ्या रांगेत डाव्या हाताला नेऊन बसवलं. बाजूच्या खुर्चीवर सुवार्ता पर्स ठेवणार, तोच तिथं एक बाई येऊन बसली. हिरवं लुगडं, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

"म्या तानाबाई. कपिलची माय. तुम्ही मास्तरच्या लेक नाही काय? घ्या शेंगा."

मध्यंतरापर्यंत न बोलण्याचा नियम तानाबाईंना कुणी सांगितला नव्हता.

"ह्याच्यासाठी एकदा तरी कार्यालय घ्यावं लागन, असं लय दिवसापासून वाटत होतं मले," त्या म्हणाल्या. "घेतलं एकदाचं."

पहिल्या अंकात प्रत्येक नकाराला तानाबाई एकेक बोट दुमडत गेल्या. गाईच्या वेळी त्या म्हणाल्या, "हे खरं झाल्तं. राळेगावले." पाहुण्यांसमोर गणपतनं बशीतले पोहे मोजले तेव्हा म्हणाल्या, "हेही." मग शेंग फोडत, मंचावरची नजर न काढता, "माह्या पोरानं अकराच नाकारल्या, बाई. नाटकात सतरा करून राह्यला. सहा वाढवून सांगते."

"नाटकात वाढवावं लागतं," सुवार्ता म्हणाली.

"बारावी सांगून आल्ती दिवाळीत. लोक चांगले होते. म्या परस्पर नाही म्हणून कळवलं." तानाबाईंनी टरफलं पिशवीत टाकली. "त्याले वाटते, मायले समजत नाही. मायले गाय काहून हंबरते ते समजते, अन पोरगं समजत नाही काय? त्याच्या बापाले मात्र अजून निरा गाईचंच वाटते."

दुसऱ्या अंकात बाक आला, कंदील आला. पेटीवर तीन स्वर वाजले. सुवार्ताच्या पायांनी उठायची तयारी केली. तिनं दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली आणि डोळे उघडे ठेवले. आज तिला शब्द ऐकू आले. गणपत म्हणत होता:

वाट बैलांना पाठ आहे, कासरा सोडून दे,
गाव आले तर सांगू नको, थोडे पुढे जाऊ दे.

बंटी आपलं लुगडं सावरून बाकाच्या टोकाला बसला होता. नाचत नव्हता, हलतही नव्हता. तिसऱ्या ओळीला सूर वर गेला.

तानाबाईंच्या हातातली शेंग फोडायची राहून गेली होती. गाणं संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मानानं तो फार वेळ होता. मग त्यांनी सुवार्ताच्या कानाशी तोंड नेलं.

"हे चाल कोनाची हाय, बाई? माह्या पोराची नाही हे. त्याले इतलं समजाची अक्कल नाही."

"माझ्या बाबांची," सुवार्ता म्हणाली.

हे तिनं जरा मोठ्यानं म्हटलं असावं, कारण मंचाखालच्या पेटीवाल्यानं मान वळवून पाहिलं.